कमरेवरची सुई आणि चुंबळ

सोलापुरात उन्हाळ्यात वार दोनच. पाण्याचा आणि बिनपाण्याचा. यंदाच्या एप्रिलमध्ये आमच्या भागात पाचव्या दिवशी पाणी आलं, तेही रात्री पावणेदोनला, आणि नेमकी त्याच रात्री मोटार जळाली. जुळे सोलापुरात आमचं घर वरच्या मजल्यावर आहे. खालच्या हौदातून हंडे, घागरी, बादल्या, रंगाचे रिकामे डबे, हाताला लागेल ते भरून जिना चढत होतो. पायऱ्या सव्वीस. कितवी खेप होती आठवत नाही, पण हंडा खांद्यावरून उतरवताना कमरेत अशी उसण भरली की हंडा तिथंच टेकवला आणि मी पायरीवर बसलो. पाणी मात्र सांडू दिलं नाही. हे मी अजूनही अभिमानानं सांगतो आणि बायको अजूनही कपाळावर हात मारते.

सकाळी वाकून चप्पल घालता येईना. मी एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. मार्च संपला तरी हिशेबाचा मार्च एप्रिलभर चालतो, त्यामुळं रजेचा विषयच नव्हता. वाटेवरच्या एका दवाखान्यात गेलो. "गोळीनं उतरेल, दोन दिवस लागतील," डॉक्टर म्हणाले. मीच म्हणालो, "इंजेक्शन द्या, लगेच जायचंय." हे वाक्य माझंच होतं, म्हणून पुढचं सगळं त्या दवाखान्याच्या माथी मारणार नाही. निम्मं मारतो.

इंजेक्शन होतं डायक्लोफिनॅकचं, म्हणजे दुखणं-सूज मारणाऱ्या औषधाचं. "कमरेवर घ्या," असं म्हणतात, पण सुई कमरेवर कधीच बसत नाही, ती कुठं बसते हे सगळ्यांना ठाऊक असतं. उभ्या उभ्या, टेबलाला धरून, उजव्या बाजूला. भीतीनं मी सगळा भार त्याच पायावर टाकून अंग आवळून उभा होतो. सुई टोचली तेव्हा फार काही वाटलं नाही, औषध आत जाताना मात्र तिखट लागल्यासारखी आग झाली. अर्ध्या तासात कंबर सैल पडली आणि मी स्कूटरवरून कारखान्यात गेलो. दुसऱ्या दिवशी कंबर पुन्हा धरली. परत तोच दवाखाना, तेच इंजेक्शन. कंपाउंडरनं विचारलं, "काल कुठल्या बाजूला?" मी म्हणालो, "उजवीकडं, तिकडंच द्या, डावीकडं पाकीट असतं." त्यानं दिलं.

त्या रात्री कुशीवर वळलो तर खाली काहीतरी टोचलं. हात लावून पाहिला तर आत सुपारीएवढी टणक गाठ. सकाळपर्यंत तिचं लिंबू झालं होतं.

दुखणं कुठंही असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. हात सुजला तर माणूस बाही वर करून चारचौघांना दाखवतो. माझी सूज दाखवता येत नव्हती, सांगताही येत नव्हती. कारखान्यात खुर्चीच्या कडेवर डाव्या बाजूनं टेकून बसलो तर शेजारचा म्हणाला, "काय बे, मूळव्याध झाला का?" मी हो म्हणालो. इंजेक्शनची गाठ म्हणण्यापेक्षा ते बरं वाटलं. नंतर आठवडाभर त्यानं मला सुरण आणि ताकाचे उपाय सांगितले.

घरी बायकोला सांगावंच लागलं, आणि बायकोला सांगितलं म्हणजे आईला कळलं. आईनं तव्यावर जाडं मीठ तापवलं, फडक्यात पुरचुंडी बांधली आणि मला पालथं झोपवलं. "लहानपणी तुझ्या मांडीवरची गाठ अशीच उतरवली होती मी," ती म्हणाली. मीठ इतकं तापलेलं होतं की मी ओरडलो, आणि ती म्हणाली, "भाजतंय म्हणजेच लागू पडायलंय." वर मीही कंबरदुखीचा बाम घेऊन जोरजोरात चोळलं. मनात हिशेब असा, की आत औषध साचून गोळा झालाय, तर चोळून पसरवला की जाईल. पिठाची गुठळी मोडतो तसं. रात्री दहाला चोळलं आणि बाराला ठणका लागला. लिंबाच्या भोवती सगळी बाजू तापली, वर निळसर डाग आला.

"वन्संना फोन लावा," बायको म्हणाली. माझी ताई बार्शीला असते, बावीस वर्षं सिस्टर म्हणून वॉर्डात काढलीत. तिला मी आधीच फोन का केला नाही? कारण ती ओरडते. सकाळी सहाला लावला.

"दोन दिवसांत दोनदा, एकाच जागी? तू सांगितलंस, त्यानं दिलं? दोघंही हुशार." मग तिनं विचारायला सुरुवात केली आणि मी उत्तरं देत गेलो. ताप आहे का? नाही. थंडी वाजली? नाही. पायात मुंग्या, पाऊल उचलायला जड? नाही. सुई दिल्या दिल्या असह्य कळ येऊन कातडी पांढरी-निळी पडली होती का? नाही, ती आग थोडा वेळच होती. अंगावर गांधी, ओठ सुजणं, दम लागणं? नाही. "मग मरत नाहीस. ऐक आता."

पायाचं तिनं का विचारलं, ते मागाहून सांगितलं. कमरेतून निघून मांडीच्या मागून पावलापर्यंत जाणारी जाड नस, सायटिक, त्याच भागातून जाते. म्हणून कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग करायचे आणि वरच्या बाहेरच्या भागातच सुई द्यायची, हा जुना नियम. आता नर्सिंगच्या नव्या मुलींना त्याहूनही सुरक्षित जागा शिकवतात, खुब्याच्या वर, बाजूला. आणि इंजेक्शन घेताना उभं राहिलंच तर पायाचे अंगठे आत वळवायचे, म्हणजे तिथला स्नायू सैल पडतो. "तू आवळून उभा होतास ना? अगदी लहानपणासारखा." हे तिला बार्शीत बसून कसं कळलं कोण जाणे.

मिठाची पुरचुंडी ऐकल्यावर ती दोन सेकंद गप्प झाली. मग म्हणाली, "आईला फोन दे." आईशी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण मीठ डब्यात परत गेलं. शेक वाईट नाही, वेळ चुकली, असं तिचं म्हणणं. सुई आत जाते तेव्हा बारीक रक्तवाहिन्या दुखावतात, थोडं रक्त आतल्या आत साकळतं. पहिले एक-दोन दिवस तिथं उष्णता दिली की रक्त आणखी धावतं आणि सूज वाढते. तेव्हा थंड. रक्त साकळायचं थांबलं, की मग कोमट, म्हणजे रक्त खेळतं आणि अंग ती गाठ हळूहळू जिरवून टाकतं. चोळायचं मात्र कधीच नाही. डायक्लोफिनॅक मुळात आतल्या मांसाला झोंबणारं औषध, ते चोळून भोवती पसरवलं म्हणजे दुखणारी जागाच मोठी केली.

शेवटचा इंजेक्शनचा डोस होऊन दोनच रात्री झाल्या होत्या, म्हणून तो दिवस थंडाचा. फ्रिजमधल्या ट्रेतला बर्फ कारखान्यातल्या टेरी नॅपकिनमध्ये गुंडाळायचा, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, काढायचा, दोन-तीन तासांनी परत. बर्फ थेट कातडीला नाही, नाहीतर थंडीनंही भाजतं. बाहेर बेचाळीस डिग्री, पंखा गरम हवा फेकतोय, आणि मी पालथा पडून त्या एकाच जागी काश्मीर. दुखणं खरंच कमी झालं. गाठ तेवढीच राहिली.

दुखण्यावर घरात डायक्लोफिनॅकच्या गोळ्या पडलेल्या होत्या, त्या घेऊ का विचारलं. ताई म्हणाली, "दोन दिवस तेच औषध सुईनं घेतलंस, आता तेच तोंडानं? पोट आणि मूत्रपिंड माझ्या भावाचीच आहेत ना?" पॅरासिटामॉल घे म्हणाली, तेही जेवल्यावर आणि गरज असेल तरच.

मग तिनं सगळ्यांत उपयोगाची गोष्ट सांगितली. बॉलपेननं सुजेच्या कडेकडेनं रेघ मारायची आणि शेजारी तारीख-वेळ लिहायची. "तुम्हा दोघांना रोज वाटेल वाढली, रोज वाटेल कमी झाली. रेघ खोटं बोलत नाही." पोराच्या कंपासमधलं निळं पेन घेऊन बायकोनं माझ्या अंगावर सोलापूर जिल्ह्याचा नकाशा काढला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, असलं काम पहिल्यांदाच करायलेय म्हणाली.

चौथ्या दिवसापासून कोमट शेक. यात मात्र मला माझ्या धंद्याचा फायदा झाला. रबराची पिशवी आणायला निघालो होतो, पण ताई म्हणाली, ओला पंचाच बरा, अंगाला धरतो. आमच्याकडं कडा वाकड्या गेलेले टेरी टॉवेल घरी नेऊ देतात. जाड टेरीचा टॉवेल कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळला की दहा मिनिटं ऊब सोडत नाही. हे मला इतकी वर्षं त्याचे ग्रॅम आणि भाव लिहूनही माहीत नव्हतं. पाणी किती गरम? मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतकंच. दिवसातून तीन-चारदा, पंधरा मिनिटं.

बसायचा प्रश्न आईनं सोडवला. तिनं माळ्यावरून जुनी चुंबळ काढली, डोक्यावर हंडा ठेवायची. ती बघून एक जुनी चादर पिळून तिची बसायची मोठी चुंबळ केली. गाठ मधल्या पोकळीत, भार कडेवर. ज्या पाण्यानं कंबर मोडली त्याच्याच चुंबळीवर मी पुढचे पंधरा दिवस जमाखर्च लिहिला. कारखान्यात मूळव्याधीवर शिक्कामोर्तब झालं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तर शेजारची अक्का आलेली. अक्का तेलुगू, माहेर अशोक चौकाकडचं, घरात पूर्वी माग होते. कुणाच्याही दुखण्यावर तिच्याकडं काहीतरी असतंच. आई आणि अक्का, दोघींनी मिळून ठरवलं की शेकानं एवढं होत नाही, हळद-चुन्याचा लेप लावायचा. मला पालथं पाडलं. बायको भाजी आणायला गेलेली. लेप गार लागला, बरं वाटलं, मी तसाच झोपलो.

सकाळी बायकोनं रेघ बघितली आणि तिचा चेहरा उतरला. एका बाजूनं लाली निळ्या रेघेच्या बाहेर दोन बोटं गेलेली. वर बारीक पुटकुळ्या. थर्मामीटर 99.2. ताईला फोटो पाठवला (असला फोटो बहिणीला पाठवायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये). ती म्हणाली, "हा फोन-बिन पुरे. आजच सर्जनला दाखव. आणि शुगर शेवटची कधी तपासलीस?" मी गप्प. "कळलं. तीही तपासून घे. शुगर असेल तर गळू व्हायला वेळ लागत नाही."

रेल्वे लाइन्सच्या बाजूला एका सर्जनकडं गेलो. तिथल्या बाकावर बसून मला घाम फुटला होता, कारण मनात एकच चित्र, चीर देऊन पू काढतायत. माझ्या एका मामाला तरुणपणी असाच गळू झाला होता. चीर दिली, महिनाभर रोज आत पट्टी भरायला जावं लागलं, अजून तिथं खड्डा आहे.

सर्जननी आधी डोळ्यांनी बराच वेळ बघितलं. मग दोन बोटं गाठीच्या दोन्ही बाजूंना ठेवली, एकानं दाबलं, दुसऱ्यानं जाणवतंय का पाहिलं. पाण्याच्या पिशवीसारखं आत काही हलतंय का, ते बघायचं असतं म्हणे. पू साचला की मध्ये मऊ पडतं आणि दाब पलीकडं पोचतो. माझी गाठ मध्यापर्यंत टणक. लालीवर बोट फिरवून त्यांनी विचारलं, "इथं काय लावलं होतं?" मी हळद-चुना म्हणालो. "मग ही लाली चुन्याची आहे. वर आधीच भाजलेलं दिसतंय, त्यावर चुना. कातडी तरी काय करेल?"

तरी खात्रीसाठी सोनोग्राफी करवली. पू नाही, पोकळी नाही. कातडीखालच्या चरबीच्या थरातच सूज. रिपोर्ट समोर धरून त्यांनी जे सांगितलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. साध्या सिरिंजची सुई बहुतेक एक इंचाची, म्हणजे अडीच सेंटीमीटर. माझ्या त्या जागी चरबीचाच थर त्याहून जाड. "म्हणजे तुमचं इंजेक्शन स्नायूत गेलंच नाही. चरबीत राहिलं." स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, तिथं औषध पटकन शोषलं जातं. चरबीत रक्त कमी, तिथं झोंबणारं औषध बसून राहतं आणि भोवतालची चरबी चिडते. बसून काम करणाऱ्या, अंगानं भरलेल्या माणसांना त्या जागी लांब सुई लागते. वर एका ॲम्प्यूलमध्ये, म्हणजे काचेच्या कुपीत, 3 मिली औषध, 75 मिलिग्रॅम. दुसरा डोस द्यायचाच तर दुसऱ्या बाजूला, आणि हे इंजेक्शन दोन दिवसांच्या वर ओढायचं नसतं.

पाकिटाचं मी त्यांना सांगितलं नाही.

मी म्हणालो, "अँटिबायोटिक लिहून द्या ना, खबरदारी म्हणून." ते हसले. "जंतुसंसर्ग नाही, तर औषध कुणाला मारणार?" एखादं मलम? शिरेवरच्या सुजेला लावतात ते हेपॅरिनचं मलम भाच्यानं सुचवलं होतं. ते वरवरच्या सुजेचं, इतक्या खोल पोचत नाही म्हणाले. ताईनंही तेच सांगितलं होतं, वॉर्डात सलाईनचा हात सुजला की ग्लिसरीन आणि मॅगसल्फची (मॅग्नेशियम सल्फेटची) पट्टी ठेवतात, पण ती वरच्या सुजेला. लालीसाठी फक्त साबण बंद आणि एक साधं क्रीम. कोमट शेक तसाच चालू, चालणं चालू, चोळणं बंद, दाबून बघणं बंद. ताप 100 च्या वर गेला, ठणका झोपू देईना, मध्ये मऊ पडलं किंवा लाली नव्या रेघेच्या बाहेर गेली तर त्याच दिवशी परत यायचं. किती दिवस लागतील विचारलं तर, "दोन-तीन आठवडे. कधी जास्तही. तुमच्या हातात काही नाही, हेच तुम्हाला जड जाणार."

जड गेलंच. पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. रोज शेक, रोज चुंबळ. निळा डाग हिरवा झाला, मग पिवळा. दाबून बघायचं नाही म्हटलं की हात तिकडंच जातो. जेवताना, फोनवर बोलताना, एकदा तर सात रस्त्याच्या सिग्नलला स्कूटरवर. आईनं अक्काला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण अक्का दोन दिवस आली नाही, आणि तिसऱ्या दिवशी आली ती शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन. लेपाचा विषय कुणीच काढला नाही. बारा-तेराव्या दिवशी लिंबाची सुपारी झाली. मग हरभरा. त्या काळात खाज सुटायची, ती मात्र दुखण्यापेक्षा वाईट.

शुगरचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा 6.2, म्हणजे मधुमेहाच्या अलीकडं, पण दारात. ताईला सांगितला. ती यावेळी ओरडली नाही, म्हणून जास्त भीती वाटली.

कंबर? ती मधल्या काळात कधी बरी झाली ते कळलंच नाही. डॉक्टर म्हणाले होते तसं, दोन दिवसांतच गेली असणार.

चोविसाव्या दिवशी शेक घेताना बायको म्हणाली, "कुठं आहे? मला सापडत नाही." मीही शोधली. खोलवर काहीतरी होतं की आपलाच भास, ते ठरवता येईना. निळी रेघ कधीच धुऊन गेली होती. तेवढ्यात खालून पोरानं हाक मारली, पाणी आलं. मोटार नवी बसवलेली होती, तरी मी उठलो. जिन्यात आई उभी होती, हातात चुंबळ. बसायची नाही, जुनीच. "ही माळ्यावर टाक," ती म्हणाली, "आणि हंड्याला हात लावलास तर बघ."